नवीन प्रोसेसरसाठी बजेट मदरबोर्ड कसा निवडायचा: कुठे पैसे घालायचे, कुठे नाही

मदरबोर्ड बदलून कंप्युटर फास्ट होत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तोच प्रोसेसर, तीच रॅम, तेच ग्राफिक्स कार्ड साध्या बोर्डवर लावा नाहीतर तिप्पट किमतीच्या बोर्डवर लावा, गेममधे फ्रेम जवळपास तेवढेच येतात. फक्त एक अट आहे, त्या साध्या बोर्डने प्रोसेसरला पोटभर वीज दिली पाहिजे. ती अट कशी तपासायची आणि बाकी कुठे कात्री लावायची, सगळा विषय एवढाच आहे.

मी एक कसोटी लावतो. बोर्डच्या यादीतली कुठलीही गोष्ट दिसली की विचारायचं, ही नंतर वेगळी घेऊन जोडता येते का? वायफाय येतं. जास्तीचे यूएसबी पोर्ट येतात. साउंडसाठी छोटं डॅक मिळतं. मग त्यासाठी आज बोर्डवर पैसे कशाला घालायचे. पण प्रोसेसरला वीज देणारा भाग नंतर जोडता येत नाही, स्लॉटचं वायरिंग बदलता येत नाही, बायोस (बोर्डचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) प्रोसेसरशिवाय बदलू देणारं फ्लॅशबॅकचं बटण नंतर बसवता येत नाही. पैसे तिकडे गेले पाहिजेत.

पायरी १: आधी प्रोसेसर ठरवा, बोर्ड मग

उलटं करणारे खूप जण बघितलेत, बोर्ड ऑफरमधे मिळाला म्हणून घेतला आणि आता त्यावर काय बसतं ते शोधतायत. असं करू नका. प्रोसेसर ठरला की सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, आपोआप ठरतो.

एएमडीकडे सध्या एएम५. हा सॉकेट २०२२ मधे रायझन ७००० सोबत आला, त्यावर ८००० जी आणि ९००० सिरीज पण बसते, आणि कंपनीने २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं जाहीर केलंय. म्हणजे आज साधा रायझन ५ घेतला आणि तीन वर्षांनी मोठा प्रोसेसर टाकायचा असेल तर बोर्ड तोच ठेवता येईल. इंटेलकडे एलजीए १७०० वर १२, १३, १४ वी पिढी बसते, आणि ऑक्टोबर २०२४ मधे कोअर अल्ट्रा २०० सोबत एलजीए १८५१ आला. १७०० चा प्रोसेसर १८५१ मधे बसत नाही, उलटंही नाही. १७०० वर पुढे अपग्रेडला फारशी जागा उरलेली नाही, पण एक प्रोसेसर घ्यायचा आणि सहा वर्षं वापरायचा असा तुमचा स्वभाव असेल तर त्याने काही बिघडत नाही. खरं सांगायचं तर बहुतेक लोक अपग्रेड करू करू म्हणतात आणि शेवटी पूर्ण मशीनच नवीन घेतात.

पायरी २: प्रोसेसर खरंच किती वॉट खातो ते शोधा

खोक्यावर ६५ वॉट लिहिलेलं असतं आणि आपण खूश होतो. तो आकडा खरा नाही, म्हणजे खोटाही नाही, पण तुम्हाला हवाय तो वेगळा.

एएमडीच्या एएम५ वर ६५ वॉटचा प्रोसेसर सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत घेतो, १०५ वाला १४२ पर्यंत, १२० वाला १६२ आणि १७० वाला २३० पर्यंत. इंटेलमधे तर फरक अजून मोठा आहे. कोअर आय५ १२४०० वर ६५ लिहिलंय पण टर्बोमधे, म्हणजे पूर्ण जोर लावताना, ११७, १४४०० वर पण ६५ च पण १४८, आणि साधा १४७००, मागे के (ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवता येणाऱ्याची खूण) नसलेला, त्यावरही ६५ च लिहिलेलं आहे आणि कमाल २१९ वॉट! तीन प्रोसेसर, तिघांवर ६५ चा शिक्का, आणि बोर्डवर पडणारा भार मात्र दुपटीच्या जवळ. इंटेलच्या साइटवर प्रोसेसरच्या पानावर बेस पॉवर आणि मॅक्झिमम टर्बो पॉवर असे दोन आकडे असतात, त्यातला दुसरा लिहून घ्या.

आता स्वतःला विचारा की हा भार रोज पडणार आहे का. गेममधे प्रोसेसर क्वचितच पूर्ण ताकदीने चालतो. ७८०० एक्स३डी ची मर्यादा १६२ असली तरी गेममधे तो त्याच्या बराच खाली राहतो. पण व्हिडिओ रेंडर, ब्लेंडर, मोठा कोड कंपाइल करणं असलं काम असेल तर तासनतास तो पूर्ण आकडा खेचला जातो. मग पुढची पायरी दोनदा वाचा.

पायरी ३: व्हीआरएम, इथे घाई नको

पॉवर सप्लायमधून १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात साधारण एक ते सव्वा व्होल्ट. मधे हे रूपांतर करणारं सर्किट म्हणजे व्हीआरएम, सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला जे चौकोनी ठोकळे दिसतात ते त्याचे चोक. १४२ वॉट आणि १.२ व्होल्ट, भागाकार करा, जवळपास १२० अँपिअर होतात. एवढा करंट त्या छोट्या चिपांमधून जातो, तो जाताना त्या तापतात, आणि साधारण शंभर-एकशेदहा अंशांच्या पुढे गेल्या की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे स्पीड, खाली ओढतो. कंप्युटर बंद पडत नाही, एरर येत नाही, फक्त रेंडर सुरू केल्यावर दहा मिनिटांनी हळू होतो आणि माणूस प्रोसेसरच्या कूलरला शिव्या देतो.

मग बघायचं काय? पहिलं, व्हीआरएमवर हीटसिंक आहे का. फोटोत दिसतं. नसेल तर तो बोर्ड फक्त छोट्या प्रोसेसरसाठी, विषय संपला. दुसरं, फेज किती, म्हणजे विजेचा भार वाटून घेणारे भाग किती. ८+२+१ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा कोअरसाठी, तोच महत्त्वाचा. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण काही कंपन्या एकाच सिग्नलवर दोन-दोन जोडून फेज दुप्पट मोजतात. तिसरं, प्रत्येक फेज किती अँपिअरचा आणि डीआरमॉस आहे की सुटे मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे स्विच). डीआरमॉस म्हणजे ड्रायव्हर आणि दोन्ही स्विच एकाच चिपमधे, कमी तापतो. सहा फेज डीआरमॉसवाला बोर्ड हा सुट्या मॉसफेटवाल्या आठ फेजपेक्षा चांगला निघू शकतो.

माझा ढोबळ हिशोब असा. ८८ ते १२० वॉटपर्यंतचा प्रोसेसर, म्हणजे रायझन ५ ७६००, ७५०० एफ, १२४०० वगैरे, तर हीटसिंक असलेला कुठलाही साधा बोर्ड चालतो. १५० च्या आसपास जात असेल तर डीआरमॉस आणि जरा जाड हीटसिंक. २०० च्या पुढे, तर बजेट बोर्ड हा शब्दच विसरा, नाहीतर बायोसमधे पॉवर लिमिट लावून चालवा. बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला प्रोसेसर पॉवरचा कनेक्टर बघा, तिथे फक्त ४ पिन असतील तर कंपनीने स्वतःच सांगितलंय की हा बोर्ड कुठल्या वर्गाचा आहे.

एक गंमत सांगतो. प्रोसेसरसोबत जो कूलर येतो तो हवा खाली बोर्डवर मारतो, त्यामुळे व्हीआरएमलाही वारा लागतो. तुम्ही हौसेने लिक्विड कूलर लावला की प्रोसेसर थंड होतो पण व्हीआरएमच्या अंगावरचा वारा बंद होतो. स्वस्त बोर्ड आणि महाग लिक्विड कूलर ही जोडी म्हणूनच मला पटत नाही. त्यापेक्षा साधा टॉवर कूलर आणि कॅबिनेटला मागे एक पंखा.

पायरी ४: चिपसेटची अक्षरं

चिपसेट म्हणजे बोर्डवरच्या बाकी जोडण्या सांभाळणारी चिप, हे पटकन उरकू. एएम५ वर खालून वर ए६२०, मग बी६५०, आणि नवीन बी८४० आणि बी८५०. ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही पण रॅम पूर्ण स्पीडने चालवता येते, आणि बऱ्याच ए६२० बोर्डांचा व्हीआरएम ६५ वॉटच्या प्रोसेसरच्या हिशोबानेच बनवलेला असतो, म्हणून कंपनीच्या साइटवर प्रोसेसर सपोर्ट लिस्ट बघितल्याशिवाय घेऊ नका. बी६५० हा बजेटवाल्यांचा खरा मित्र. बी८५० जवळपास तोच, फक्त एका एम.२ (एसएसडीच्या) स्लॉटला पीसीआयई ५.० (कार्ड आणि ड्राइव्ह जोडायची पद्धत, आकडा मोठा तेवढा वेग जास्त) सक्तीचं केलंय. आणि बी८४० मधे फसू नका, नावावरून बी८५० चा धाकटा भाऊ वाटतो पण तो ए६२० च्या घरातला आहे, ओव्हरक्लॉकिंग नाही आणि चिपसेटकडून येणाऱ्या लेन (डेटा जायच्या वाटा) पीसीआयई ३.० च्या.

इंटेल १७०० वर एच६१० आणि बी७६०. दोघांवरही प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, त्यामुळे यांच्यासोबत के वाला प्रोसेसर घेण्यात फारसा अर्थ नाही. एच६१० मधे रॅमचे दोनच स्लॉट, रॅम ओव्हरक्लॉक नाही, आणि एम.२ प्रोसेसरला थेट न जोडता चिपसेटवरून ३.० स्पीडने चालतो. ऑफिसचं काम, १२१०० किंवा १२४००, तर एच६१० छान. त्याच्या पुढे बी७६०. कोअर अल्ट्रासाठी हेच नातं एच८१० आणि बी८६० मधे आहे.

झेड आणि एक्स वाले चिपसेट बजेटमधे नकोच. स्वस्त एक्स बोर्डपेक्षा चांगला बी बोर्ड केव्हाही बरा.

पायरी ५: रॅम

एएम५ आणि एलजीए १८५१ वर फक्त डीडीआर५. एलजीए १७०० वर दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात आणि नावात एक डी४ असतो किंवा नसतो, तेवढाच फरक, म्हणून ऑर्डर करताना नाव दोनदा वाचा. खाच वेगळ्या जागी असते, चुकीची रॅम बसतच नाही, जबरदस्ती केली तर स्लॉट तुटतो. जुन्या मशीनमधली चांगली डीडीआर४ पडून असेल तर डीडीआर४ वाला बी७६० हा शहाणपणाचा सौदा आहे.

चार स्लॉट हवेतच असं लोकांना वाटतं. मला नाही वाटत. एएम५ वर दोन काड्या लावल्या तर ६००० च्या स्पीडला आरामात चालतात, सीएल३० (कमी विलंबाची) मिळाली तर उत्तम, पण चार काड्या लावल्या की एएमडीचा अधिकृत स्पीड ३६०० वर येतो. त्यापेक्षा जास्त चालतो कधीकधी, पण नशिबाचा खेळ आहे. म्हणून दोन स्लॉटवाला बोर्ड घ्या आणि सुरुवातीलाच १६ च्या दोन काड्या टाका. एकच काडी आत्ता, दुसरी नंतर, असं करू नका, तोपर्यंत सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेने, चालून ग्राफिक्स अर्धमेलं होतं, विशेषतः ८६०० जी सारखा आतल्या ग्राफिक्सवर चालणारा प्रोसेसर असेल तर.

पायरी ६: बायोस, माझे दोन दिवस इथे गेले

एकदा मी नवीन आलेला प्रोसेसर आणि आधीच्या वर्षीचा बोर्ड घेतला. कागदावर दोघांची जोडी जमत होती, सपोर्ट लिस्टमधे नाव होतं. जोडलं, चालू केलं, पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. रॅम काढून लावली, एकच काडी ठेवून बघितली, ग्राफिक्स कार्ड काढलं, केबल बदलली, दुसऱ्या दिवशी पॉवर सप्लाय बदलून बघितला. शेवटी सपोर्ट लिस्टमधे प्रोसेसरच्या नावासमोर एक बारीक कॉलम दिसला, या बायोस व्हर्जनपासून पुढे. माझ्या बोर्डमधे त्याच्या आधीचं व्हर्जन होतं, खोकं गोडाउनमधे तसंच पडून असणार. फ्लॅशबॅकचं बटण बोर्डवर नव्हतं. मित्राचा जुना प्रोसेसर मागून आणला, लावला, बायोस टाकलं, काढला, माझा लावला. अपडेटला काही मिनिटं लागली, बाकी सगळी वरात.

म्हणून बायोस फ्लॅशबॅक असलेला बोर्ड मी थोडे जास्त पैसे देऊनही घेतो. यात प्रोसेसर, रॅम काही नसलं तरी चालतं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मधे फॉरमॅट करायचा, कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवायची, मॅन्युअलमधे सांगितलंय ते नाव तिला द्यायचं, मागच्या ठरावीक पोर्टमधे ड्राइव्ह लावायचा, बोर्डला फक्त पॉवर सप्लायच्या दोन्ही केबल (२४ पिनची आणि प्रोसेसर पॉवरची) जोडायच्या आणि बटण काही सेकंद दाबून धरायचं. दिवा लुकलुकतो, तो थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

बायोस नवीन ठेवणं हा नुसता सोस पण नाही. २०२३ मधे एएम५ वर काही एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा एसओसी (प्रोसेसरमधला कोअर सोडून बाकी भाग) व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा बायोस अपडेटमधूनच आली. इंटेलच्या १३ आणि १४ व्या पिढीत प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून हळूहळू खराब होत होते, त्याचा इलाजही २०२४ मधे मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, रूपात बायोसमधूनच आला. या पिढीचा प्रोसेसर घेत असाल तर विंडोज टाकायच्या आधी बायोस नवीन करा, नंतर करू म्हणू नका. आणि कंपनीच्या साइटवर त्या बोर्डच्या बायोसच्या तारखा बघा, शेवटचं अपडेट दीड वर्षापूर्वीचं असेल तर कंपनीने तो बोर्ड वाऱ्यावर सोडलाय.

पायरी ७: स्लॉट मोजू नका, वायरिंग बघा

फोटोत लांब स्लॉट दोन दिसतात. त्यातला दुसरा आकाराने एक्स१६ (सोळा लेनचा) असला तरी आतून एक्स४ नाहीतर चक्क एक्स१ असतो. मॅन्युअलच्या पहिल्या काही पानांत हे लिहिलेलं असतं. मॅन्युअल विकत घ्यायच्या आधीच साइटवरून उतरवता येतं, पंधरा मिनिटं वाचा, यातली निम्मी उत्तरं तिथेच आहेत. एम.२ आणि साटाची (केबलने जोडायच्या जुन्या ड्राइव्हच्या पोर्टची) भानगडसुद्धा तिथेच कळते, बऱ्याच बोर्डात दुसऱ्या एम.२ मधे ड्राइव्ह लावला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात.

दोष नेहमी बोर्डचाच असतो असंही नाही. ८६०० जी ग्राफिक्स कार्डला आठच लेन देतो आणि ८५०० जी फक्त चार, बोर्ड कितीही भारी घ्या. तसंच आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० ही कार्डं स्वतःच आठ लेनची आहेत, ती जुन्या पीसीआयई ३.० बोर्डवर लावली तर नुकसान होतं, एएम५ किंवा १७०० वर काही अडचण नाही.

एम.२ ड्राइव्हसाठी ४.० भरपूर झालं, सात हजार एमबी प्रति सेकंदाच्या आसपास मिळतात. ३.० वर साडेतीन हजार, आणि खरं बोलायचं तर विंडोज चालू व्हायला दोन्हीत फरक जाणवत नाही. ५.० साठी बजेटमधे एक पैसा नको. पण एम.२ स्लॉट दोन तरी असू द्या, साटा ड्राइव्ह आता कोण घेतंय.

पायरी ८: किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

कॅबिनेटला पुढे टाइप सी पोर्ट असेल तर बोर्डवर त्याचा वेगळा हेडर (केबल लावायची जागा) लागतो, नसेल तर तो पोर्ट शोभेचा. पंख्यांचे हेडर प्रोसेसरचा धरून तीन तरी. रंगीत दिव्यांची हौस असेल तर ३ पिनचा ५ व्होल्टवाला आणि ४ पिनचा १२ व्होल्टवाला हे वेगळे आहेत, ५ वाली पट्टी १२ मधे घुसवली तर दिवे जळतात. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट असे चार छोटे एरर दिवे बोर्डवर असतील तर ते मात्र सोन्यासारखे, नवशिक्याने तर नक्की बघा.

वायफाय नसलेला बोर्ड घेऊन नंतर कार्ड टाकणार असाल तर एक सापळा आहे. इंटेलचं एएक्स२११ कार्ड फक्त इंटेलच्या बोर्डवर चालतं, एएमडीवर एएक्स२१० घ्यायचं. एका आकड्याचा फरक, दिसायला सारखी. इंटेलच्या एफ वाल्या प्रोसेसरमधे ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डच्या मागचा एचडीएमआय मेलेला असतो, एएमडीच्या ७५०० एफ चंही तेच.

आकाराचं म्हणाल तर मायक्रो एटीएक्स, २४४ बाय २४४ मिलिमीटर, बजेटमधे हाच. मिनी आयटीएक्स छोटा म्हणून स्वस्त असेल असं वाटतं, नसतो. सगळ्यात स्वस्त बोर्ड रुंदीला अजून कमी असतात आणि त्यांच्या उजव्या कडेला स्क्रू येत नाही, म्हणून रॅम आणि २४ पिनची केबल दाबताना खालून बोटाचा आधार द्या, नाहीतर बोर्ड वाकतो.

पायरी ९: बोर्ड घरी आल्यावर

सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढल्यावर लगेच प्रकाशात बघून फोटो काढून ठेवा, आतल्या पिना सगळ्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. वाकलेली दिसली तर लगेच परत करा. झाकण फेकू नका, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते लागतं. कूलर जुना असेल तर, एएम४ चा बराचसा एएम५ वर बसतो पण एएम५ ची मागची प्लेट काढता येत नाही, त्यामुळे स्वतःची प्लेट लावणारे कूलर अडतात. इंटेल १२०० चा कूलर १७०० वर वेगळ्या किटशिवाय बसत नाही, १७०० चा १८५१ वर मात्र बसतो.

रॅम दोन काड्या असतील आणि स्लॉट चार, तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ चं ट्रेनिंग (बोर्डने रॅमशी जुळवून घेणं) चालतं, काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, घाबरून बटण दाबू नका. मग बायोस अपडेट, मग बायोसमधे एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडने चालवायची सेटिंग) चालू, नाहीतर ६००० ची रॅम बेस स्पीडवर रेंगाळत बसते.

विंडोज टाकून झाल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत एक परीक्षा घ्या. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ठेवा आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) अर्धा तास मल्टीकोअरवर चालवा, व्हीआरएम किंवा मॉस नावाचं तापमान आणि कोअरचा क्लॉक दोन्हीवर नजर. तापमान ऐंशी-नव्वदला स्थिर आणि क्लॉक जिथल्या तिथे, तर बोर्ड पास. शंभरच्या पुढे जाऊन क्लॉक पायऱ्या उतरायला लागला, तर आधी कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला पंखा लावून परत चालवा, तरी तेच झालं तर एएमडीवर ६५ वॉटचा इको मोड (वीज कमी घ्यायला लावणारी सेटिंग) लावा, १०५ वाला प्रोसेसर १४२ ऐवजी ८८ वर येतो आणि गेममधे कळतही नाही. रोज रेंडरच करणार असाल तर इको मोडच्या भानगडीत न पडता खोक्यात भरा आणि परत पाठवा.